आगोटीचं आडनाव

डॉट कॉममधलं कॉम म्हणजे कॉम्प्युटर, असं मी रोह्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगून टाकलं होतं. कुणी शंका काढली नाही. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली, तेव्हा इंग्रजी अक्षरांत जे जे लिहिलेलं असेल ते मला येतंच, असं सगळे धरून चालायचे. नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागतं, म्हणून मीही त्यांना तसं धरून चालू द्यायचे. कॉम म्हणजे व्यापारी, हे दोन महिन्यांनी एका जाड पुस्तकात सापडलं. तोवर एक बॅच सर्टिफिकेट घेऊन निघून गेली होती. कॉम म्हणजे कॉम्प्युटर असं समजणारी दहा-बारा माणसं रायगडात अजूनही कुठेतरी असतील. ती माझी.

नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. मी एकवीस वर्षांची होते. राहायला पेणला आणि कामाला रोह्याला. सकाळी पॅसेंजर पकडायची, कासू, नागोठणं, निडी करत रोह्याला उतरायचं, आणि दिवसभर मुलांना फोल्डर कसा उघडायचा ते दाखवायचं. दाखवणं मला जमायचं. बोलणं कमी लागायचं. क्लासमध्ये सहा मशीन होती आणि त्यांतल्या एकावरच इंटरनेट. त्यासाठी क्लासचा फोन गुंतायचा, म्हणून सर सगळ्यांना सांगून ठेवायचे, "अकरा ते बारा फोन करू नका, बाई इंटरनेटवर असतात." बाई म्हणजे मी.

पेणला आमच्या घरापासून दोन घरं सोडून आत्या राहायची, बाबांची मोठी बहीण. मार्च ते मे तिच्या मागच्या अंगणात दहा बायका पापड लाटायला बसायच्या. उडदाचे पापड, पोह्याचे पापड, मिरगुंडं, कुरडया. बऱ्याच जणी खारेपाटातल्या, खाडीकडच्या गावांतून येणाऱ्या. संध्याकाळी रोह्याहून आले की मी तिथेच जाऊन बसायचे आणि पिठाच्या लाट्या तोडून द्यायचे. तिथे कुणी मला बोल म्हणायचं नाही. बोलायला त्या दहा जणी पुरेशा होत्या.

आत्याचा माल बाजारातला एक व्यापारी उचलायचा आणि स्वतःचं लेबल लावून विकायचा. माल उत्तम असल्याचं सगळं गाव सांगायचं, पण ते त्या लेबलाविषयी. आत्याला ते लागायचं. त्याच्या तीन वर्षं आधी तिने ठरवलं की निम्मा माल आपण आपल्या नावाने विकायचा, आणि नाव ठेवलं 'आगोट'. पावसाळ्याआधी चार महिन्यांची साठवण करायची तिला आमच्याकडे आगोट म्हणतात. मिरची, मीठ, सुकी मासळी, कडधान्यं, पापड, सगळं घरात भरून ठेवायचं. पुण्याच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो, पण आमच्याकडे मे महिना लागला की "आगोट झाली का?" हेच विचारतात. आत्याचं म्हणणं होतं की हा शब्द आपला आहे, तो व्यापाऱ्याच्या लेबलावर कधीच येणार नाही, कारण त्याला तो सुचणारच नाही.

त्या मे महिन्यात आत्याच्या मैत्रिणीची लेक अमेरिकेहून माहेरी आली होती. अंगणात बसून तिने चार भाजलेले पापड खाल्ले, बॅगेत भरण्यासाठी आणखी दोनशे मागितले आणि म्हणाली, "मावशी, तुमचा डॉट कॉम का नाही?"

"माझा काय नाही?"

"इंटरनेटवर पत्ता. आमच्या मंडळाची गणपतीची स्मरणिका निघते. त्यात छापते ना मी. सगळी मराठी घरं वाचतात. माल न्यायचं पुढे बघू, आधी नाव तर घेऊन ठेवा. आज नाही घेतलंत तर उद्या दुसरा कुणीतरी घेईल. एकदा गेलं की गेलं."

त्या शेवटच्या वाक्याने आत्याचं लाटणं थांबलं. माल तर गेलाच होता दुसऱ्याच्या नावाखाली. आता शब्दही जाणार?

मैत्रिणीची लेक दोन दिवसांनी परत जाणार होती. तिने सगळं सोपं करून ठेवलं. मी रोह्याहून तिला ईमेल करायचा, त्यात नाव आणि नावाची शेपटी लिहायची. ती तिकडे फॉर्म भरेल आणि तिच्या कार्डावर नोंदवेल. स्मरणिका छापायला जायच्या आत, म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत. "ही आहेच की," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट केलं. सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या लाटीकडे पाहिलं.

ती गेल्यावर आत्या म्हणाली, "हां, सांग आता. शेपटी म्हणजे काय?"

मला सांगावंच लागलं. मी म्हटलं, टिंबाच्या आधी नाव असतं आणि टिंबाच्या नंतर आडनाव. नाव आपण ठरवायचं. आडनावं मोजकीच आहेत, त्यांतलं एक घ्यायचं. आगोट हे नाव एका आडनावात एकालाच मिळतं. पण दुसऱ्या आडनावात तेच नाव दुसरं कुणीही घेऊ शकतं.

"आडनाव निवडायचं?" एक तरुण बाई हसली. तिचा नवरा डोलवीला कंपनीत शिफ्टला होता आणि ती बोलण्यात कुणाला हार जात नसे. "बाईला आडनाव निवडायला मिळतंय म्हंजे अमेरिकेचीच गोष्ट हाय ही."

"कुठली कुठली आडनावं?" आत्याने विचारलं.

"बहुतेक जण कॉम घेतात. डॉट कॉम."

"डाट काय?"

"कॉम."

पाटापाटावर तो शब्द फिरत गेला. कॉम, कोम, कोम. सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने, जिचा नवरा मिठागरावर होता, लाटणं खाली ठेवलं. "आगोटीला कोम?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही काय झालं ते. मग आत्याचा चेहरा बघून कळलं. कोंबाला आमच्याकडे कोम म्हणतात. भरून ठेवलेल्या कडधान्याला ओल लागली की कोम फुटतो. उडदाला कोम आला की पापड गेला. कांद्याला कोम, बटाट्याला कोम. आगोट भरणाऱ्या बाईला पावसाळाभर भीती कशाची असते, तर त्याचीच. आणि मी आत्याला सांगत होते की तुझ्या मालाचं नाव जगात आगोट डॉट कोम असेल.

"नाय बा," म्हातारी आत्याला म्हणाली. वयाने मोठी असली तरी तीही बाकीच्यांसारखी आत्याला काकीच म्हणायची. "काकी, पुड्यावर बुरशी छापल्यासारखंच हाय ते."

"वालाला कोम येतोच की," तरुण बाई म्हणाली. "बिरडं कशाचं खाता?"

"रुजत घातलंय त्याला कोम आला तर देव पावला. भरून ठेवलंय त्याला आला तर बाई गबाळी. तुला कोण शिकवणार? सासू मिळाली नाय तुला धड."

"सासू हाय धड, तीच कोमाचे कांदे घालते भाजीत."

सगळ्या हसल्या, पण आत्या नाही हसली. "दुसरं आडनाव सांग," ती मला म्हणाली.

मी पुस्तकात वाचलेलं आठवून सांगितलं. ऑर्ग असतं, ते संस्थांचं, नफा न घेणाऱ्यांचं. "ते तर आम्हीच," तरुण बाई म्हणाली. कॉलेजचं वेगळं असतं, सरकारचं वेगळं, ती आपल्याला मिळत नाहीत. भारताचंही एक आहे, डॉट को डॉट इन, पण त्याला नोंदणी झालेल्या कंपनीचे कागद लागतात. आत्याकडे अंगण होतं, कंपनी नव्हती. "आणि नेट," मी म्हटलं. "डॉट नेट."

"नेट म्हणजे?"

नेट म्हणजे जाळं, ते मुळात इंटरनेट पुरवणाऱ्यांसाठी काढलेलं आहे, असं मला सांगायचं होतं. पण आत्या माझ्यासाठी थांबलीच नाही. "नेट!" ती म्हणाली. "नेटाने करतोय म्हणून तर चाललंय. आगोट आणि नेट. हेच घ्यायचं. लिही."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. क्लासमधल्या मुलांना रोज बघून मला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. कुठलंही नाव सांगा, त्यांची बोटं टिंबानंतर आपोआप सी, ओ, एम दाबतात. डोळ्यांसमोर दुसरं काही लिहिलेलं असलं तरीसुद्धा. स्मरणिकेत नेट वाचलेला माणूस घरी जाऊन कॉमच टाइप करणार. त्या दारात आपण नसू, किंवा उद्या दुसराच कुणीतरी बसलेला असेल, आपला शब्द घेऊन. हे सगळं माझ्या मनात नीट वाक्यांत उभं होतं, आणि तेही इंग्रजीत. दहा बायकांसमोर, आत्याच्या त्या आनंदासमोर, त्याचं मराठी होईना. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रोह्याला मी मशीनसमोर बसले. नाव कुणाचं आहे ते शोधायची एक जागा इंटरनेटवर होती. तिथे मी आगोट टाकून बघितलं. इंग्रजीत ते कसं लिहायचं यातच पाच मिनिटं गेली. एक ए की दोन ए? एक ए लावला तर वाचणारा 'अगॉट' वाचेल. मी दोन लावले. कॉम मोकळं होतं आणि नेटही. कॉमच्या खाली, हे नाव कुणाच्याही नावावर नाही, अशा अर्थाची ओळ आली, आणि मला एकदम घाई सुटली. जणू रोह्यातलंच कुणीतरी शेजारच्या मशीनवर बसून ते घेणार होतं.

मी ईमेल लिहिला. नाव लिहिलं, पुढे टिंब, पुढे कॉम. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, कारण मैत्रिणीच्या लेकीला कुणी सांगितलं असेल की आत्याला नेट हवंय, तर ती विचारेल. ती ओळ अशी होती की माझ्या आत्याला दुसरं हवं आहे पण तिला हे समजणार नाही, तरी तुम्ही कॉमच घ्या. पाठवलं. सगळं मिळून दहा मिनिटं. मला हलकं वाटलं, हे मी लपवत नाही. भांडण न करता बरोबर गोष्ट झाली होती. आत्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. कॉम की नेट, तिला कुठून कळणार होतं?

शनिवारी संध्याकाळी अंगणात गेले तर आत्याच्या मांडीवर पिवळ्या कागदांचा गठ्ठा. रामवाडीला एक छोटा छापखाना होता, तिथून तिने लेबलं छापून आणली होती. मध्ये मोठ्या अक्षरांत 'आगोट', आणि खाली, तिच्या आग्रहावरून मराठीतच, 'आगोट टिंब नेट'. डॉट हा शब्द तिला आवडला नव्हता.

"बघ," ती म्हणाली. "सोमवारपासून पुड्यांवर हेच लावायचं. त्या पोरीच्या आईला सांगितलंय तिला फोनवर कळवायला, स्मरणिकेत असंच छाप म्हणून."

मी लेबल हातात घेतलं. शाई अजून थोडी ओली होती, बोटाला लागली. पुड्यावर एक पत्ता जाणार होता आणि तिकडे नोंदला जाणार होता दुसराच. ज्या शब्दासाठी आत्या तीन वर्षं झटत होती, तो आता कुणालाच सापडणार नव्हता, आणि हे माझं काम होतं. मी गप्प बसले असते तर सोमवारी लेबलं चिकटली असती.

"आत्या," मी म्हटलं, "मी नेट नाही लिहिलं. मी कॉम लिहिलं."

लाटण्यांचे आवाज एकेक करून थांबले. म्हातारीने "अगो बाय" म्हटलं आणि पदर तोंडाला लावला.

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने लेबलं नीट ठोकून एकसारखी केली आणि बाजूला ठेवली. "मला वाचता येत नाही," ती म्हणाली, "म्हणून माझ्या तोंडचा शब्द बदललास?"

मी बोटाला लागलेली शाई ओढणीला पुसत राहिले.

"हे तो व्यापारी करतो. तू पण?"

मला रडू येत होतं आणि दहा जणी बघत होत्या. तरुण बाईनेच, जिला मी सगळ्यांत जास्त घाबरायचे, माझ्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला. "बोल गो," ती म्हणाली. "काहीतरी कारण असंल ना? का उगाच केलंस?"

मग मी बोलले. कधी नाही इतकी वाक्यं एका दमात बोलले, अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी. मुलांची बोटं टिंबानंतर कशी कॉमकडे जातात ते सांगितलं. माणसाच्या डोळ्यांना नेट दिसतं पण हाताला कॉमची सवय असते. त्या सवयीच्या जागी आपण नसलो तर दुसरा येऊन बसतो. एवढं सांगून झाल्यावर मला वाटलं, कुणालाच काही कळलं नाही.

आत्याने पोलपाटावरचं पीठ हाताने झाडलं. "म्हणजे एसटीतून उतरलेलं गिऱ्हाईक," ती हळूहळू म्हणाली. "त्याला मी पत्ता देते, गल्लीत तिसरं घर. पण त्याचे पाय जातात कोपऱ्यावरच्या दुकानात, कारण दर साली तो तिथेच जातो."

"हो. तसंच."

"मग कोपऱ्यावर आपला माणूस बसवायचा. घर कशाला सोडायचं?" ती माझ्याकडे वळली. "दोन्ही घेता येतात का?"

एवढी साधी गोष्ट. दोन्ही मोकळी होती, मी स्वतः बघितली होती. एका नावाला दोन आडनावं लावून दोन्ही दारं एकाच अंगणात उघडायची. इंटरनेट शिकवणाऱ्या बाईला ते सुचलं नव्हतं, कारण ती आत्याला फसवण्यात गुंतली होती.

"येतात," मी म्हटलं.

"आणि पुड्यावर काय?"

"नेट. लेबल आहे तसंच."

"कोम आत राहील? छापायचा नाही कुठे?"

"कुठेच नाही."

"मग असू दे मागच्या दाराला," आत्या म्हणाली. म्हातारीचं समाधान झालं नव्हतं. मागच्या दारानेच ओल येते, असं काहीतरी ती पुटपुटली. पण लाटणी पुन्हा सुरू झाली.

सोमवारी आत्या माझ्याबरोबर रोह्याला आली. मला वाटलं होतं तिचा माझ्यावर विश्वास उरलेला नाही, म्हणून येतेय. गाडीत ती खिडकीशी बसली, निडीला भाताची शेतं उन्हात तडकलेली बघत राहिली. स्टेशनवर उतरल्यावर म्हणाली, "मला बघायचंय, तू कशी लिहितेस ते."

सरांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. अकराला फोन लागला. मी नवा ईमेल उघडला तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला. "आधी जुनं दाखव. पाठवलेलं असतं ना कुठे?"

पाठवलेल्या पत्रांचा कप्पा होता. मी तो उघडला. माझी तीन ओळींची चिठ्ठी पडद्यावर आली, काळी अक्षरं, पांढऱ्यावर. आत्या तिच्याकडे एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"वाच. मराठीत."

मी पहिली ओळ वाचली, नमस्काराची. दुसरी वाचली, त्यात नाव आणि कॉम होतं. तिसरी ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. ती गाळली असती तर आत्याला कधीही कळलं नसतं. माझ्या शेजारी बसून तिला तेवढंच दिसत होतं की खाली अजून काहीतरी लिहिलेलं आहे.

"माझ्या आत्याला दुसरं हवं आहे," मी वाचलं, "पण तिला हे समजणार नाही, तरी तुम्ही कॉमच घ्या."

पलीकडे दोन मुलं टायपिंगचा सराव करत होती. आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला.

"समजलं गो मला," ती म्हणाली. "पुढे वाच."

"पुढे काही नाही. माझं नाव आहे फक्त."

"बरं. आता नवं लिही. मी सांगते तसं, आणि लिहिताना मोठ्याने."

तिने सांगितलं आणि मी लिहिलं, प्रत्येक शब्द आधी मराठीत मोठ्याने म्हणत, मग इंग्रजीत. आगोट, दोन ए. टिंब. एन, ई, टी. ही तीन अक्षरं तिने पडद्यावर बोट ठेवून मोजली. काचेवर बोटाचा ठसा उमटला. मग तिने मला आणखी एक ओळ घालायला सांगितली, ती मी आधी तिच्या तोंडाकडे बघून, खात्री करून घेऊन मगच लिहिली: कॉमही ठेवा, ते माझ्या भाचीने घेतलंय आणि तिने बरोबर घेतलंय.